गाडी तुमच्या नावावर, पॉलिसी कुणाच्या कपाटात?

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या घरातली गाडी कुणाच्या नावावर आहे? आणि त्या गाडीची इन्शुरन्सची पॉलिसी तुम्ही शेवटची कधी उघडून बघितली?

मागे आमच्या भिशीत मी हाच प्रश्न टाकला. चौदा जणींपैकी नऊ जणींच्या नावावर काही ना काही गाडी निघाली. कुणाची स्कूटी, कुणाची कार, एकीच्या नावावर तर चक्क केळीची वाहतूक करणारी पिकअप! पण पॉलिसी वाचलेली एकही नाही. "ते सगळं हेच बघतात," हे उत्तर मात्र नऊच्या नऊ जणींनी दिलं. सोनं कोणत्या डब्यात आहे ते आपल्याला अंधारातही सापडतं, लोणच्याच्या बरणीला कुणी हात लावला तेही कळतं. पण ज्या कागदावर अख्ख्या घराची राखण आहे, तो कागद यांच्या कपाटात!

बाईच्या नावावर गाडी घेतली की घरात कौतुक होतं. शोरूममध्ये नारळ आपण फोडतो, फोटोही आपला निघतो. पण आरसी बुकावर नाव आलं की कायद्याच्या भाषेत आपण "मालक" होतो. गाडी दीर चालवो, मुलगा चालवो, की पगारी ड्रायव्हर, अपघात झाला की कोर्टाची नोटीस मालकाच्या नावानं येते. इतकंच काय, गाडी विकून टाकली आणि आरटीओत नाव बदललंच नाही, तरीही जबाबदारी जुन्या नावावर राहते. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हे स्पष्ट सांगून टाकलं. त्या गाडीचा पुढे दोन-तीन वेळा व्यवहार झाला होता, तरी भरपाईला जबाबदार ठरला तो नोंदणीवरचा पहिला मालक.

माझ्या ओळखीच्या एका ताईंचं उदाहरण सांगते. कर्ज सोपं जावं म्हणून घरच्यांनी मालवाहू गाडी त्यांच्या नावावर घेतली. ड्रायव्हर ठेवला, धंदा सुरू झाला. एका संध्याकाळी गाडीनं सायकलवाल्याला उडवलं, तो बिचारा जागीच गेला. विमा चालू होता, त्यामुळे घरचे निर्धास्त. पण ड्रायव्हरचं लायसन्स केव्हाच संपलेलं! कोर्टानं कंपनीला सांगितलं, मृताच्या घरच्यांना आधी पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. वसुलीची नोटीस ताईंच्या नावानं आली. त्या मला म्हणाल्या, "अहो, मी तर त्या गाडीत कधी बसले पण नाही हो!" त्यांचं म्हणणं खरंच होतं, पण कायदा ते विचारत नाही.

म्हणून आज हा विषय काढला. कंटाळवाणा वाटेल, पण पंधरा मिनिटं द्या.

आधी थर्ड पार्टी म्हणजे काय ते बघू. पहिली पार्टी आपण, दुसरी विमा कंपनी आणि तिसरी म्हणजे आपल्या गाडीमुळे ज्याचं नुकसान झालं तो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं हा विमा सक्तीचा केलाय. तो नसेल तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंडाचं आपल्याला वाटतं, पण खरी भीती दंडाची नाहीच. खरी भीती भरपाईच्या आकड्याची आहे.

हा आकडा कसा निघतो ते बघा. समजा, अपघातात ३५ वर्षांचा माणूस गेला. स्वतःचा छोटा धंदा, महिन्याला १५ हजार कमाई. घरात बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. सुप्रीम कोर्टानं २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी खटल्यांत हिशेबाची रीतच घालून दिली आहे. पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के वाढवायचे, झाले २१ हजार. चौघं अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा पाव हिस्सा वजा करायचा, राहिले १५ हजार ७५०. वर्षाचे झाले १ लाख ८९ हजार. ३५ व्या वर्षासाठी त्याला १६ नं गुणायचं. तीस लाख चोवीस हजार! वर अंत्यविधीचे वगैरे थोडे पैसे आणि व्याज वेगळं.

आता दुसरा आकडा. २०२२ मध्ये सरकारनं ठरवलेल्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता होता वर्षाला ७१४ रुपये, कर वेगळा. हजार सीसीपर्यंतच्या कारचा २,०९४ रुपये. एका बाजूला सातशे चौदा, दुसऱ्या बाजूला तीस लाख. विमा नसेल तर हे तीस लाख कोण देणार? मालक. नाही दिले तर कोर्ट कलेक्टरकडे दाखला पाठवतं आणि ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे घर आणि शेत दोन्ही त्यात ओढलं जाऊ शकतं!

आता एक चांगली बातमी. आपल्याकडे माणसाच्या मृत्यूला किंवा जखमेला कंपनीची जबाबदारी रुपयांत बांधलेली नाही. कोर्ट तीस लाख म्हणो की सत्तर लाख, पॉलिसी नीट असेल तर कंपनीनं पूर्ण द्यायचे. अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुली-भाच्यांना विचारा, तिकडे असं नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कमीत कमी पॉलिसी म्हणजे एका माणसाला ३० हजार डॉलर आणि एका अपघाताला मिळून ६० हजार. त्याच्या वरचे पैसे मालकाच्या खिशातून. आपल्याकडेही २०१६ च्या दुरुस्ती विधेयकात मृत्यूला दहा लाख आणि गंभीर दुखापतीला पाच लाख अशी मर्यादा घालायचं घाटत होतं. २०१९ मध्ये जो कायदा झाला त्यात ती राहिली नाही. बरं झालं! नाहीतर वरच्या हिशेबातले वीस लाख एखाद्या स्कूटीवालीच्या माथी बसले असते.

रुपयांची मर्यादा आहे ती फक्त दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला. दुचाकीच्या पॉलिसीत सहसा एक लाख, कारच्या पॉलिसीत साडेसात लाख. हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून काही जण ही रक्कम सहा हजारांवर आणतात. आजकाल गाडीचा एक दिवा फुटला तरी सहा हजारांत भागत नाही. चार पैसे वाचवायला हे करू नका.

मग खरी मर्यादा कुठे आहे? ती आहे अटींमध्ये. कोण कुठे बसलं होतं, कोण चालवत होतं, गाडी कशासाठी वापरली, यावर सगळं ठरतं. आणि नेमकं हेच आपल्याला कुणी सांगत नाही.

आपल्या खान्देशातल्याच दोन घटना आठवा. ४ जुलै २०२३ ला धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला मुंबई-आग्रा महामार्गावर एक कंटेनर वाहनांना धडकत थेट हॉटेलात घुसला. किमान दहा जीव गेले. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्या यावल तालुक्यात किनगावजवळ पपईनं भरलेला ट्रक उलटला, त्यावर बसलेले १५ मजूर दगावले. बहुतेक रावेर तालुक्यातले. रात्रीची वेळ, कामावरून घरी निघालेली माणसं. दोन्हीकडचं दुःख सारखंच. पण विम्याचा कायदा या दोघांकडे एकाच नजरेनं बघत नाही. रस्त्यावर उभा असलेला माणूस हा सरळसरळ तिसरी पार्टी, त्याला मर्यादा नाही. मालाच्या गाडीवर बसलेल्याला मात्र आधी विचारतात, तू कोण? मालाचा मालक किंवा त्यानं पाठवलेला माणूस असेल तर संरक्षण आहे. गाडीमालकानं कामावर ठेवलेला मजूर असेल तर कामगार भरपाईच्या कायद्यापुरतं आहे. आणि "चल बस, सोडतो पुढे" म्हणून फुकट बसलेला असेल, तर काहीच नाही! सुप्रीम कोर्टानं २००३ च्या आशा राणी खटल्यात हेच सांगितलं आणि आजचा कायदाही मालवाहू गाडीतल्या फुकट्या प्रवाशाला वगळतो.

आता आपल्याकडच्या लग्नसराईचं चित्र डोळ्यासमोर आणा. वऱ्हाड आयशरमध्ये, बायका-पोरं पिकअपमध्ये, मुक्ताईच्या यात्रेला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अख्खी गल्ली. ट्रॅक्टरला तर चालवणाऱ्यापुरतंच आसन असतं, आणि त्याचा विमा शेतीकामासाठी असतो. काही झालं तर ट्रॉलीत बसलेल्यांच्या पदरात कंपनीकडून काही पडेलच याची खात्री नाही. आणि मालक कोण? अनेकदा आपलाच काका किंवा मामा. मग कोर्टात नातेवाईकच नातेवाईकांसमोर.

स्कूटरवर मागे बसणाऱ्या आपणही यातून सुटलेलो नाही. फक्त कायद्यापुरती, म्हणजे "ॲक्ट ओन्ली" पॉलिसी असेल आणि यांच्याच चुकीनं गाडी घसरली, तर मागे बसलेल्या बायकोसाठी कंपनी जबाबदार नाही, असं सुप्रीम कोर्टानं २००६ च्या तिलक सिंग खटल्यात म्हटलंय. "पॅकेज" किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत मागे बसणारा धरला जातो. दुसऱ्या गाडीची चूक असेल तर त्या गाडीच्या कंपनीकडे आपल्याला मागता येतं, ते वेगळं. पण आकाशवाणी चौकात खड्डा चुकवताना घसरलो तर दुसरी गाडी कुठून आणायची? नेहमी मागे बसणार आपणच, आणि पॉलिसी घेताना आपल्याला विचारायचंच नाही, हा कुठला न्याय!

शिवाय सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढून मिळतो. त्यामुळे नूतनीकरणाची सवयच सुटते. पाच वर्षं कधी संपली ते कळतही नाही. चालवणाऱ्या मालकासाठी जो १५ लाखांचा अपघात विमा असतो, तो तर कित्येकदा पहिल्या एकाच वर्षाचा काढलेला असतो. तारीख बघा. एम-परिवहनवर गाडीचा नंबर टाकला तरी विम्याची मुदत कळते.

आता लायसन्स. चालवणाऱ्याकडे लायसन्सच नसेल तर कंपनी कोर्टात तोच मुद्दा धरते. इथे २००४ चा स्वरण सिंग खटला मालकाच्या मदतीला येतो. मालकानं हयगय केली, हे कंपनीला सिद्ध करावं लागतं, असं सुप्रीम कोर्ट म्हणालं. म्हणून ड्रायव्हर ठेवताना त्याचं लायसन्स स्वतः बघा, झेरॉक्स ठेवा, मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुधाचा हिशेब लिहितो तिथेच लिहा! आणि नववीतल्या मुलाला क्लासला जायला स्कूटी देणाऱ्या आयांना तर हात जोडून सांगते, २०१९ च्या दुरुस्तीनं पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द अशी शिक्षा ठेवली आहे. त्यात भरपाईची टांगती तलवार वेगळीच.

आता वकिलाच्या खर्चाकडे येते. अपघात झाला की घरात पहिला प्रश्न हाच असतो, वकिलाला किती लागतील?

भरपाईचा दावा चालतो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे आपल्या जिल्हा कोर्टातच. तिथे कंपनी स्वतःचा वकील देते आणि पॉलिसीच्या शर्तीनुसार मालकाच्या वतीनंही लढू शकते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, मालकाच्या बचावाचा खर्च कंपनी देते तो तिच्या लेखी संमतीनं केलेला असेल तरच. आपण परस्पर वकील लावला आणि नंतर बिल पाठवलं, तर हात वर! दुसरी, लायसन्स नाही, परवाना नाही असा मुद्दा कंपनीनं काढला की तोच वकील आपल्या विरुद्ध बाजूला उभा असतो. तेव्हा आपला स्वतःचा वकील हवाच. ड्रायव्हरवर पोलिसांचा फौजदारी खटला चालतो तो वेगळा. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणानं मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या खटल्यात वकील द्यायचा की नाही हे कंपनीच्या मर्जीवर असतं, म्हणून तो खर्च आपलाच धरून चाला.

नोटीस आली तर खणात टाकून ठेवायची नाही. घरातले पुरुष म्हणतात, "बघू नंतर, इन्शुरन्स आहे ना!" मालक कोर्टात हजरच झाला नाही तर खटला एकतर्फी चालतो आणि लायसन्स होतं हे सांगायलाही कुणी उरत नाही. अपघाताची माहिती कंपनीला लगेच लेखी द्या, आलेला प्रत्येक कागद तिच्याकडे पाठवा, पोच घ्या. आणि गावात बसून मांडवली करू नका. "आमची चूक झाली, एवढे घ्या आणि मिटवा," असं कंपनीला न विचारता कबूल करणं पॉलिसीच्या शर्तीविरुद्ध आहे. जखमीला दवाखान्यात नेणं, त्याच्या घरच्यांना धीर देणं ही माणुसकी. ती जरूर करा. पण कागदावर सही करण्याआधी थांबा.

आणि देव न करो, पण आपल्याच घरातलं माणूस गेलं तर? तेव्हा आपण दावा करणाऱ्या बाजूला असतो. कायद्यात त्याला सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. तेराव्यानंतर बघू, वर्षश्राद्धानंतर बघू, असं करू नका. दावा आपण राहतो त्या जिल्ह्यातही लावता येतो. मुंबईच्या ट्रकनं गुजरातेत धडक दिली असली तरी जळगावची बाई जळगावात दावा करू शकते. आणि पैशांसाठी तर मुळीच अडू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं प्रत्येक स्त्रीला फुकट वकील मिळण्याचा हक्क दिलाय, तिचं उत्पन्न कितीही असो. जळगावला आणि धुळ्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे साधा अर्ज करायचा. "जेवढे मिळतील त्यातले इतके टक्के माझे," असं कुणी काळ्या कोटातलं म्हणालं तर ओळखा, निकालावर टक्केवारी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे.

अपघातात घरची बाई गेली तर तिची किंमत शून्य धरू नका. पूर्वी "कमवत नव्हती ना" म्हणून किरकोळ रकमेत गुंडाळायचे. २००१ च्या लता वाधवा खटल्यात सुप्रीम कोर्टानं गृहिणीच्या कामाचे महिन्याला तीन हजार धरले. २०२१ च्या कीर्ती खटल्यात तर कोर्टानं स्पष्टच सांगितलं, गृहिणीच्या कामाचंही उत्पन्न धरलं पाहिजे. स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची सेवा, शेतातलं काम, हे सगळं त्यात येतं. दावा लिहिताना वकिलाला हे आवर्जून सांगा.

मला विचाराल तर यात दोष एकट्या कायद्याचा नाही. हप्ता घेताना एजंट भाऊ दहा वेळा फोन करतात, पण "वहिनी, तुम्ही मागे बसता, यात तुमचं काही नाही" हे एकदाही सांगत नाहीत. पॉलिसी येते ती इंग्रजीत, बारीक अक्षरात. ज्या मराठी बाईच्या सहीनं कर्ज मिळतं, तिला समजेल अशा मराठीत दोन पानं छापायला काय हरकत आहे? माझं तर म्हणणं आहे, प्रत्येक पॉलिसीच्या पहिल्या पानावर ठळक मराठीत लिहिलं पाहिजे, कोण धरलंय आणि कोण नाही. आणि दुचाकीवर मागे बसणारी व्यक्ती कायद्यापुरत्या पॉलिसीतही धरली गेलीच पाहिजे. थोडा हप्ता वाढला तर वाढू दे. आपण भाजीत दहा रुपये कमी करू.

तोवर एवढं करा. आज संध्याकाळी कुकरची शिट्टी होईपर्यंत ती पॉलिसी मागून घ्या. मुदत कधी संपते, "पॅकेज" आहे की नुसती थर्ड पार्टी, गाडी घरगुती वापराची लिहिली आहे की भाड्याची, मालकाच्या नावापुढे कुणाचं नाव आहे, एवढ्या चारच गोष्टी बघा. हे विचारतील, "तुला काय करायचंय?" सांगा, नाव माझं आहे, नोटीस पण मलाच येणार आहे!